फ्रिजवाला, हिशेबनीस आणि तुझा बाप

प्रिय भिंगरी,

तुझा सिनेमा आम्ही पाहिला. ‘बाबा, तुम्ही बघू नका आणि आईलाही नेऊ नका, तुम्हाला माझी शपथ आहे,’ असं तू फोनवर पुन्हापुन्हा बजावलं होतंस. मी शपथा पाळणारा माणूस आहे हे तुला माहीत आहे, पण तुझी आई पडली नर्स. ती म्हणाली, ‘अहो, सिगारेट सोडायची शपथ घेतलेली निम्मी माणसं माझ्या वॉर्डात खोकत पडलेली असायची. शपथ मोडून कुणी मरत नाही, सिगारेटनं मरतात. चला, चपला घाला.’ तेव्हा पाप लागायचं असेल तर ते तिला लागेल, मी फक्त तिकिटं काढली.

तुझा निरोपही मिळाला. सिनेमा निम्म्या थिएटरांतून उतरला त्याच आठवड्यात मिळाला. ‘बाबा, पुरे झालं. लोकांना हसवायला गेले आणि माझंच हसं झालं. सगळं गुंडाळून परत येते. इतकी वर्षं म्हणत होतात ना, शाळा सांभाळ म्हणून? सांभाळते. महिनाअखेर पोचते.’ मी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला, आईला वाचून दाखवला, आणि मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात आपापल्या कपाकडे बघत बसलो. त्यानंतर तू फोन केलेस, ते मी उचलले नाहीत आणि आईलाही उचलू दिले नाहीत. घाबरू नकोस, दोघंही ठणठणीत आहोत. उत्तर द्यायचंच आहे, पण ते घाईनं देण्यासारखं नाही आणि तोंडी तर मुळीच नाही. आधी मला सिनेमाबद्दल बोलू दे. बाप ड्रायव्हिंग स्कूल चालवतो आणि पोरगी गाडीतल्या प्रवासावर सिनेमा काढते म्हटल्यावर बापाला चार शब्द बोलायचा हक्क पोचतोच.

शिकाऊ माणसाला मी धडा परत म्हणायला लावतो, तसा मीही म्हणून दाखवतो, म्हणजे मला किती समजलं ते तुला कळेल. एक असतो फ्रिजवाला. फ्रिज दुरुस्त करतो, केस खांद्यापर्यंत, आणि सकाळी डोळा उघडल्यापासून गांजाच्या धुरात. दुसरा त्याच्या वर्गातला हिशेबनीस. रुमालाला इस्त्री करणारा, जन्मात कधी मोठ्यानं न बोललेला. बायकोनं सोडल्यावर फ्रिजवाल्याला एक जुना फ्रिज दूरच्या शहरात तिच्या घरी पोचवायचा आहे. त्याच्याकडे व्हॅन आहे, पण त्याचं लायसन्स जप्त झालंय. हिशेबनिसाकडे लायसन्स आहे आणि त्याची त्याच शहरात मुलाखत आहे. म्हणून दोघं निघतात. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात कसली पुडी आहे आणि कसली बिस्किटं आहेत हे हिशेबनिसाला ठाऊक नसतं. तो भुकेच्या सपाट्यात बिस्किटं खातो, आणि तिथून पुढे त्याचे कपडे, त्याची मुलाखत आणि त्याची अब्रू अशा तिन्ही गोष्टी टप्प्याटप्प्यानं व्हॅनमधून खाली पडत जातात. बरोबर ना?

आता चुका. गावाबाहेर पडताना व्हॅन डावा इंडिकेटर देते आणि तो अख्खं गाणं संपेपर्यंत, घाट आणि पूल ओलांडून, तसाच लुकलुकत राहतो. आमच्या शेजारी आपल्या शाळेतल्या बाई बसल्या होत्या. त्याच गं, तू गेल्यावर मी कामावर घेतलेल्या, आधी शाळेच्या मुलांची बस चालवायच्या. त्या कळवळून माझ्या कानाशी म्हणाल्या, ‘सर, कुणीतरी बंद करायला सांगा हो.’ दुसरं म्हणजे चढावर हिशेबनिसाचा हात तिसऱ्या गिअरवर आहे आणि आवाज पहिल्याचा येतोय. तिसरं, दोघांनी एवढा धूर काढल्यावर गाडी चालवायची हे काही मला पटणारं नव्हतं. मी घरी जाऊन तुला काय काय सुनवायचं ते जुळवायलाही लागलो होतो. पडद्यावर दोघं किंचाळतायत, व्हॅन सुसाट सुटलीय असं त्यांना वाटतंय, फ्रिजवाला आपले पाने आणि पक्कड कुणाला द्यायची ते सांगतोय, हिशेबनीस आईची क्षमा मागतोय. आणि तुझा कॅमेरा मागे सरकतो तर काय, व्हॅन पेट्रोल पंपावर जागच्या जागी उभी, आणि पंपावरची बाई शांतपणे काच पुसतेय! त्यातही तू एक क्षणभर ओढलेला हँडब्रेक दाखवलास. माझा जीव भांड्यात पडला. एवढा चावट सिनेमा काढतानाही पोरीनं हँडब्रेक ओढायला लावला, हे मी बाईंना दोनदा सांगितलं.

चावटपणाबद्दल मी फार लिहू शकत नाही, लेखणी अडखळते. त्या लॉजमधल्या गोल पलंगाचा प्रसंग, नवरा-बायको समजून त्या दोघांना दिलेली खोली, आणि पलंगाचं बटण चुकून दाबल्यावर तो जो काही हलायला लागतो, तो सगळा वेळ मी छताकडे पाहत होतो. छतावर पाण्याचा एक डाग आहे. पण तुझी आई! भिंगरी, लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि असल्या विनोदांना तुझी आई माझ्या आधी हसते हे मला त्या दिवशी कळलं. नुसती हसत नव्हती, पदर तोंडात कोंबून गदागदा हलत होती. आणि तळ्याकाठी ज्याचे कपडे चोरीला जातात तो हिशेबनीस फ्रिजमधल्या बर्फाच्या ट्रेचा आडोसा करून पळतो, तेव्हा ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘अगदी असंच पळतात हो! वॉर्डात स्पंजनं अंग पुसताना पडदा लावायचा राहिला की अगदी अस्संच!’ मागून कुणीतरी टाळी वाजवली. मी त्या डागाचा आकार आता डोळे मिटूनही काढून दाखवीन. नशेबद्दलही तिचा अभिप्राय चांगला आहे. वॉर्डात आणलेली पोरं अशीच दिसेल ते खायला मागायची, म्हणाली, ते तू अचूक टिपलंस. ते तुला कसं माहीत, हा प्रश्न मी विचारणार होतो. आईनं चिमटा काढला म्हणून विचारत नाही.

आता मुख्य घोटाळा झाला तो सांगतो. उतारावर व्हॅनचं मागचं दार उघडतं, फ्रिज सुटून बाहेर सरकायला लागतो, समोर वळण, आणि चालवतोय कोण, तर फ्रिजवाला, कारण हिशेबनीस बिस्किटांनी गार झालेला. ते वळण आलं आणि मी माझा उजवा पाय दाबला. तुला माहीत आहे, आपल्या शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. आयुष्यभर त्या एका पायानं मी इतक्या लोकांचे जीव वाचवलेत की तो पाय आता माझं ऐकत नाही. बसमध्ये दाबतो, दुसऱ्याच्या रिक्षात दाबतो, आईच्या मते झोपेतही दाबतो. त्या दिवशी तो पुढच्या खुर्चीच्या पाठीत बसला. आणि त्याच क्षणी शेजारच्या बाईंचाही पाय बसला, कारण त्याही याच धंद्यातल्या! पुढे बसलेल्या गृहस्थाला दोन बाजूंनी दोन लाथा. तो बिचारा मक्याच्या लाह्यांसकट उभा राहिला आणि म्हणाला, ‘अहो, चालवतोय तो, मी नाही!’ आम्ही दोघांनी माफी मागितली. आणि पडद्याकडे पाहिलं तर शुद्धीवर आलेला हिशेबनीस, जिथे ब्रेक नाही तिथे, व्हॅनच्या पत्र्यावर जिवाच्या आकांतानं उजवा पाय दाबत होता.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आईची आधीच पेटली होती, ती माझ्याकडे बघून डोळे पुसत होती. मग मला सगळंच दिसायला लागलं. रुमालाची ती चौपदरी घडी माझी. बसल्याबसल्या आधी आरसा नीट करायचा, मग कॉलर, मग घसा साफ करायचा, तेही माझं. रागावला की माणसं आवाज चढवतात, हिशेबनीस मात्र आवाज खाली आणून ‘गाडी बाजूला घ्या’ म्हणतो. गाडीत नसताना, त्या लॉजच्या मॅनेजरलासुद्धा तो ‘बाजूला घ्या’ म्हणतो! कार्टे, तू मला गांजाची बिस्किटं खाऊ घातलीस, ट्रेच्या आडोशानं तळ्याकाठी पळवलंस, गोल पलंगावर झोपवलंस आणि तिकीट लावून लोकांना दाखवलंस. मध्यंतरात मी आईला म्हटलं, हिनं माझी पार शोभा केली. आई म्हणाली, ‘नीट बघा. सगळ्या सिनेमात तोच एक कुणाला सोडून जात नाही.’ मी मध्यंतरानंतर नीट बघितलं. मुलाखतीची वेळ होते, त्याला तिथेच उतरता येत असतं, आणि तो उतरत नाही. रुमालाची घडी मोडून फ्रिजवाल्याचं गुडघ्याचं रक्त पुसतो. मला वाटायचं, तुझ्या लेखी मी म्हणजे नुसता कटकट करणारा पाय. तुला एवढं दिसत होतं हे मला माहीत नव्हतं. माझ्यावरचं एवढं प्रेम आजवर कुणी मला दाखवलेलं नाही, आणि तू ते हागण्यामुतण्याच्या विनोदांत दडवून ठेवलंस म्हणून मला ते लाज न वाटता घेता आलं.

आई पाळीवर असली की तुला माझ्या गाडीत मागे बसवायचो ते आठवतंय का? दप्तर मांडीवर, हातात सफरचंद, आणि पुढे माझा एखादा घामाघूम शिकाऊ. मला वाटायचं पोरगी क्लच आणि गिअर बघतेय. घरी येऊन तू त्यांच्या नकला करायचीस. तो दंतवैद्य, गाडी बंद पडली की तिची समजूत घालणारा. ती बँकेतली, स्टिअरिंग धरलं की नवऱ्याला शिव्या देणारी. शेजारीपाजारी बघायला यायचे, आणि मी सगळ्यांना सांगायचो, हिला उपजतच कळतं, शाळा हिचीच. पहिल्याच चाचणीत लायसन्स मिळवलंस तेव्हा मी आनंदानं परीक्षकाला मिठी मारायला गेलो होतो, आणि तो दचकून मागे सरकला. आणि मग तू सिनेमा शिकायला निघून गेलीस. मी अडवलं नाही. पण तू घरी आलीस की बोलता बोलता शाळेचा विषय काढायचं काही सोडलं नाही, हे तूही जाणतेस. आता कळतं की मागच्या सीटवर बसून तू गाडी शिकतच नव्हतीस. तू माणसं शिकत होतीस. माझ्याच गाडीत, माझ्या नाकाखाली दुसरी शाळा चालली होती, आणि मास्तरांना पत्ता नव्हता.

पेपरात जे आलं ते वाचलं. ‘ओंगळ, उथळ आणि धुरकट’. त्या समीक्षकाला मी ओळखत नाही, पण असली माणसं मला माहीत आहेत. मागच्या सीटवर बसून ‘जरा डावीकडून घ्या’ म्हणणारे. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं? त्यानं लिहिलंय की सिनेमात एकही प्रसंग मनात राहत नाही. मला फार राग आला, कारण माझ्या मनात एक असा राहिलाय की त्या दिवसापासून जातच नाही. तो फ्रिजचा. दुपार, ऊन, पेट्रोल संपलेलं. दोघं चांगलेच चढलेले. व्हॅनच्या मागे जाऊन ते बंद फ्रिजचं दार उघडतात आणि त्यासमोर गार वारा खात बसतात. वीज नाही, वायर लोंबतेय, आणि हिशेबनीस म्हणतो, ‘जरा कमी कर रे, सर्दी होईल.’ सगळे हसले. मग तो विचारतो, हे धूड कशाला वाहून नेतोयस, ती नवा घेईल की. आणि फ्रिजवाला पहिल्यांदाच धूर न काढता बोलतो. म्हणतो, ती रोज सांगायची की हा घरघर करतो, झोप लागत नाही. मी म्हणायचो, उद्या करतो. गावातले सगळे फ्रिज केले, हा राहिला. आता केलाय. आता घरघर करत नाही. मग हिशेबनीस फ्रिजला कान लावतो, डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकतो, आणि अगदी गंभीरपणे सांगतो, ‘खरंच, अजिबात आवाज नाही.’ दोघं रडायला लागतात. आणि रडता रडता फ्रिजवाल्याला ती लोंबती वायर दिसते.

भिंगरी, मी एकाच वेळी हसलोही आणि मला रडूही आलं, आणि यातलं आधी काय आलं ते मला सांगता येणार नाही. बाई तर हुंदके देत होत्या आणि हसल्यामुळे त्यांना उचकी लागली. तो लाथा खाल्लेला गृहस्थ मागे वळला, मला वाटलं आता भांडतो, तर त्यानं लाह्यांचा पुडा आमच्यापुढे धरला. हे तुझ्या त्या समीक्षकाला दिसत नसेल तर त्याची दृष्टी तपासायला हवी, मी असल्या डोळ्यांना शिकाऊ लायसन्सही मिळू देणार नाही.

दुसऱ्या वेळी मी एकटा गेलो. आईला सांगितलं की टायर बघायला जातोय, आणि ती म्हणाली, ‘तिसऱ्या रांगेत बसा, तिथे समोर कुणी नसतं.’ त्या दिवशी हॉलमध्ये माणसं अगदी थोडी होती, खोटं सांगून तुझी समजूत काढणार नाही. पण फ्रिजचा प्रसंग जवळ आला तसा दाराचा पडदा हलला आणि तिकीट फाडणारा माणूस आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. प्रसंग संपला तसा गेला. बाहेर पडताना मी त्याला विचारलं. म्हणाला, ‘प्रत्येक खेळाला येतो साहेब. बाकीचं काही मला झेपत नाही, पण एवढं बघून जातो. माझा भाऊ बोलत नाही माझ्याशी. परवा त्याला फोन केला.’ पुढे काय झालं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हा सिनेमा काढणारी मुलगी माझी आणि त्यातला ब्रेक दाबणारा पायही माझा, असं मात्र मी त्याला सांगून टाकलं. त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं.

मग मी जे केलं त्याबद्दल तू मला फाडून खाशील. शाळेतल्या सगळ्या शिकाऊंना मी गृहपाठ दिला. सिनेमा बघायचा, आणि गाडी चालवण्यातल्या चुका हेरून यायच्या. जो हेरणार नाही त्याला पुढचा धडा नाही. आपल्याकडे सध्या एक निवृत्त मुख्याध्यापिका गाडी शिकतायत. त्या निमूटपणे गेल्या, सगळ्या चुका अचूक सांगितल्या, आणि मग आवाज खाली आणून एका शब्दाचा अर्थ विचारला. मी बाईंकडे बोट दाखवलं. बाईंनी आईकडे पाठवलं. आई त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली, दार लावलं, आणि थोड्या वेळानं आतून दोघींच्या हसण्याचा जो काही गडगडाट झाला, त्यानंतर त्या मुख्याध्यापिका तुझा सिनेमा पुन्हा बघायला गेल्या. मैत्रिणींना घेऊन. शेवटच्या खेळाला हॉल बऱ्यापैकी भरला होता. यावर सिनेमा तरत नाही, हे मला समजतं. पण ती सगळी माणसं पोट धरून हसली, आणि फ्रिजच्या वेळी सगळी चिडीचूप झाली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. असं मी आयुष्यात कुणाला कधी करायला लावू शकलो नाही. मी फार तर लोकांना वेळेवर थांबायला शिकवलं.

आता तुझ्या निरोपाचं उत्तर. तो वाचून मला आनंद झाला, हे लपवत नाही. इतका झाला की मी ऑफिसात जाऊन दुसरं टेबल पुसलं आणि तुझी खुर्ची खिडकीशी ठेवावी की दाराशी, ते ठरवायला लागलो. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, ‘अहो, तिला यायचंय म्हणून ती येत नाहीये. हरली म्हणून येतेय. तुम्हाला अशी हवीय का?’ मी हातातलं फडकं खाली ठेवलं. आपल्याला हवी ती गोष्ट पोरीच्या पडत्या वेळी तिच्याकडून घ्यायची, एवढा मी अजून म्हातारा झालेलो नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर ‘ये’ हा एकच शब्द माझ्या तोंडून निघाला असता, म्हणून फोन उचलला नाही, आणि म्हणून हे पत्र. काल कचेरीत जाऊन मी शाळा बाईंच्या नावावर करून टाकली. त्या रडायलाच लागल्या, म्हणाल्या, ‘सर, ताई काय म्हणतील?’ मी म्हटलं, ताई पुढचा सिनेमा काढतील. आता मीच त्यांच्याकडे नोकरीला आहे, त्यांनी मला उद्यापासून सकाळची पाळी दिलीय. तेव्हा महिनाअखेर तू जरूर ये. जेवायला ये, झोपायला ये, आईच्या मांडीवर डोकं ठेवून त्या समीक्षकाला शिव्या घालायला ये, हवे तितके दिवस राहा. काम मागायला मात्र येऊ नकोस, इथे तुझ्यासाठी जागा शिल्लक नाही. पाटीवर माझ्या नावाखाली मी एक ओळ कोरी ठेवली होती, कुणाला कधी सांगितलं नाही. सकाळपासून रंगारी शिडीवर चढून तिथे बाईंचं नाव लिहितोय आणि मी खाली पायरीवर बसून हे लिहितोय. रंग ओला आहे, अजून पुसता येतो. तो वाळायच्या आत हे पत्र पेटीत टाकून येतो, नाहीतर माझा काही भरवसा नाही.

तुझाच,
बाबा